मांजराचं पिल्लू फ्रिजमागून बाहेरच येत नाहीये, काय करू?

पाऊसवेडी:
काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमधलं पिल्लू घरी आणलंय, आई बरेच दिवस दिसलीच नाही आणि वॉचमनकाका म्हणाले कुत्री धरतील एखाद दिवशी, म्हणून उचललं. दोनेक महिन्यांची असेल. आल्या आल्या जी फ्रिजमागे घुसली ती तिथेच, रात्रभर ओरडली, हात घातला की फिसकारते. दुधाची वाटी तशीच पडलीये. मुलगा सारखा टॉर्च मारून बघतोय. ओढून काढू का? वन बीएचके आहे, वेगळी खोली नाही.

बोकोबा:
ओढून अजिबात नका काढू, हात म्हणजे धोका हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की घालवायला फार वेळ जातो. फ्रिजमागे ऊब असते म्हणून बसलीये. टॉर्च बंद, आधी ते.
दूध उचला, गाईम्हशीचं दूध पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि एवढासा जीव लगेच सुकतो. बिनमिठाचं चिकन उकडून (कांदा, लसूण नकोच) बारीक करून कोमट ठेवा, सोबत पाणी, आणि लाईट घालवून तिथून निघून जा. हे आज-उद्यापुरतं, मग पिल्लांसाठीचं ओलं खाणं आणा, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. बुजणं ठीक आहे, वाट बघता येते, पण उपाशी राहत असेल तर वाट बघू नका. आज रात्रीपर्यंत तोंडच लावलं नाही तर डॉक्टर.
वेगळी खोली नसेल तर बेडरूमचा एक कोपरा तिचा करा. पुठ्ठ्याचा खोका आडवा, आत तुमचा वापरलेला टीशर्ट. लांबच्या कोपऱ्यात उथळ ट्रेमध्ये वाळू, कारण खाण्याशेजारी मांजर शी करत नाही. गुठळ्या होणारं लिटर (मांजराच्या शी-सूसाठी विकत मिळते ती वाळू) इतक्यात नको, पिल्लं ते खातात.

कडीपत्ता:
मुलाला ओरखडा किंवा दात लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रस्त्यावरचं पिल्लू आहे, रेबीजच्या बाबतीत बघू नंतर असं चालत नाही. पिल्लाला जंतांचं औषध, ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस आणि 3-4 आठवड्यांनी पुढचा, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. पिसवा दिसल्या तरी कुत्र्यांची पावडर लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं, आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच नाही.

पाऊसवेडी:
चिकन खाल्लं!!! लाईट घालवून आम्ही सगळे बाहेर बसलो, थोड्या वेळाने बघितलं तर वाटी चाटूनपुसून साफ. पण परत आत गेली. मुलाला समजावलंय. रात्री ओरडली तर जवळ घेऊ का?

बोकोबा:
मस्त! घेऊ नका, ती आपणहून येईल. मुलाला जमिनीवर बसून हळू आवाजात धडा वाचायला सांगा, तिच्याकडे टक लावून न बघता, नजर भिडलीच तर सावकाश डोळे मिटायचे. वाटी रोज जराशी खोक्याकडे सरकवा. ती बाहेर असताना फ्रिजमागची फट बंद करा, वायरी आहेत तिथे. कितवा मजला आहे? बाल्कनीला जाळी नसेल तर ते काम याच आठवड्यात करून घ्या.

पाऊसवेडी:
चौथा. ग्रिल आहे पण फटी मोठ्या आहेत, उद्याच जाळीवाल्याला बोलावते.