मदत हवी आहे: गूगल लॉगिन होईना, सकाळी दूध घालायला लोक येतील

भूमकर:
फायरबेसवर (डेटा अन् लॉगिन सांभाळणारी गूगलची सेवा) अ‍ॅप आहे. लॉगिनचं बटण दाबलं की खातं निवडता येतं अन् लगेच एरर १०. परवापर्यंत चालत होतं, कोडला हात लावला नाही. खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्या साठ जणांचा हिशोब यात आहे. लवकर सांगा.

जालनेकर:
परवापासून बदललं काय? फोन तोच आहे का?

मांजराकाठ:
डेटाबेस टेस्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुला, काढला असेल. ते नियम ३० दिवसांनी संपतात. माझं ऐन सोयाबीनच्या हंगामात अडलं होतं.

जालनेकर:
तेव्हा परमिशन डिनाइड (परवानगी नाही) येतं. यांचं लॉगिनच होईना, नियमांचा प्रश्न पुढचा.

सेलूवाला:
फायरबेसऐवजी सुपाबेस घ्या. त्यात पोस्टग्रेस डेटाबेस आहे, दुधाच्या फॅट-एसएनएफचा दहा दिवसांचा हिशोब एका क्वेरीत. फायरबेसच्या फायरस्टोअर डेटाबेसमध्ये फुकटात दिवसाला ५०,००० वाचनंच मिळतात.

भूमकर:
साठ माणसं, दोन वेळचं दूध. ५०,००० कुठं होतात? डेटाबेस बदलायचा नाही मला. माझ्या फोनवर केबलनं टाकलेलं चालतंय. केंद्रावरच्या फोनवर काल प्ले स्टोअरवरून घेतलं, तिथं अडतंय.

जालनेकर:
हे आधी सांगायचं ना दादा! प्ले स्टोअर अ‍ॅपवर वेगळ्या किल्लीनं सही करतं. फायरबेसला तुमच्या लॅपटॉपच्या किल्लीचाच एसएचए-१ (किल्लीची ओळखखूण) माहीत आहे. प्ले कन्सोलमधून अ‍ॅप सायनिंग किल्लीचा घ्या, फायरबेसच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जोडा. शेजारी अपलोड किल्लीचाही दिसेल, तो नव्हे.

परांड्याची:
पण जीमेलच का? आमच्या गटातल्या बायका पासवर्ड विचारला की अ‍ॅप बंद करतात. ओटीपी द्या.

मांजराकाठ:
त्याला फायरबेसचा ब्लेझ प्लॅन (वापराप्रमाणे पैसे) लागतो, कार्ड जोडावं लागतं.

परांड्याची:
लागू द्या. लॉगिन काय रोज करायचंय?

औंढ्याचा:
खवा हिंगोलीला पाठवता का? लग्न आहे घरात, वीस किलो लागेल.

भूमकर:
जोडला. पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं, पण केंद्रावर लॉगिन झालं! जालनेकर, लई उपकार. आता खातेवही उघडली की परमिशन डिनाइड. माझ्या फोनवर दिसत होतं ते ऑफलाइन साठलेलं निघालं. मांजराकाठ, ३० दिवसांचं काय म्हणत होतात?

मांजराकाठ:
नियमातली तारीख नुसती पुढं ढकलू नका. तसं केलं तर कुणीही कुणाचंही दूध खोडेल. ज्याचं त्याला खातं दिसावं, नोंद फक्त केंद्रानं करावी, असा नियम लिहा. आत्ताचे नियम इथं टाका, बसून करू.