पंतप्रधान आधी लोकसभेने निवडावा, मग राष्ट्रपतींनी नेमावा

माणदेशी (धागा)

राज्यघटनेचं कलम ७५ काढून वाचा. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि इतर मंत्र्यांची पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतील, एवढंच तिथे आहे. कुणाला नेमायचं, बहुमत कुठे मोजायचं, किती दिवसांत मोजायचं, याबद्दल अक्षर नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल असं पुढे म्हटलंय, पण ती जबाबदारी नेमणुकीनंतरची.

एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं की हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नाही मिळालं की काय होतं ते १९७९ने दाखवलं. त्यात यशवंतराव होते, म्हणून मला ते जास्तच सलतं. जुलैमध्ये विरोधी पक्षनेते म्हणून चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. मतदान व्हायच्या आधीच मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांनाच सरकार बनवता येईल का, असं विचारलं. त्यांचं जमलं नाही. मग मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून पाठिंब्याच्या याद्या मागवल्या. देशाचा पंतप्रधान ठरला तो राष्ट्रपती भवनात याद्या ताडून! २८ जुलैला चरणसिंगांचा शपथविधी झाला, चव्हाण उपपंतप्रधान झाले. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला, लोकसभेसमोर जायच्या दिवशीच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. मधल्या काळात लाल किल्ल्यावरून १५ ऑगस्टचं भाषण त्यांनी केलं, पण पंतप्रधान म्हणून लोकसभेला ते एकदाही सामोरे गेले नाहीत. तरीही काळजीवाहू म्हणून जानेवारी १९८०पर्यंत तेच पदावर.

म्हणून माझं म्हणणं: नव्या लोकसभेने अध्यक्षांच्या निवडीपाठोपाठ सभागृहाचा नेता उघड मतदानाने निवडावा आणि राष्ट्रपतींनी त्यालाच पंतप्रधान नेमावं. ही माझी कल्पना नाही. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने, कुणालाच स्पष्ट बहुमत मिळालं नाही तर काय करायचं यासाठी, २००२ सालीच तशी शिफारस केली आहे.

भीमाकाठी

असहमत. कलमात लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना जागा मोकळी ठेवायची होती. ३१ ऑक्टोबर १९८४ आठवा. सकाळी इंदिराजींची हत्या, राष्ट्रपती झैलसिंग परदेश दौऱ्यावर. ते परतले आणि संध्याकाळीच राजीव गांधींचा शपथविधी झाला. त्या दिवशी लोकसभेचं मतदान सक्तीचं असतं तर दिल्ली पेटत असताना देश नेत्याविना राहिला असता. संकेत लवचिक असतात ते अशाच वेळेसाठी.

आणि राष्ट्रपती चुकांमधून शिकलेही आहेत. १९९६ला शंकर दयाळ शर्मांनी १६१ जागांच्या भाजपला सर्वांत मोठा पक्ष म्हणून बोलावलं, वाजपेयींचं सरकार १३ दिवसांत गेलं. १९९८ला नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली, मगच नेमणूक केली. व्यवस्था सुधारतेय, तिला सुधारू द्या.

माणदेशी

१९८४चा मुद्दा मान्य. पण त्याचंही उत्तर आपल्याकडेच आहे. १९६४ आणि १९६६, दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदांनी हंगामी पंतप्रधान म्हणून काम पाहिलं आणि पक्षाने नवा नेता निवडल्यावर ते बाजूला झाले. देश थांबला नाही.

शर्मा आणि नारायणन यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दोन वर्षांत दोन राष्ट्रपती, दोन कसोट्या. कोणती कसोटी लागणार हे राष्ट्रपती भवनात कोण बसलंय यावर ठरावं का?

गावगाडा

दोघांनाही विचारतो, लोकसभा तरी मध्ये कशाला? मतदार मत देताना पंतप्रधानच डोळ्यांसमोर ठेवतो. मग थेट जनतेनेच निवडावा. घोडेबाजार नाही, याद्या नाहीत.

इंद्रायणी

गावगाडा, थेट सरपंचाचा अनुभव घेतलाय का? महाराष्ट्रात २०१७ला थेट सरपंच आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. आमच्या गावात सरपंच एका पॅनेलचा आणि नऊ सदस्यांतले सहा दुसऱ्या पॅनेलचे. मासिक सभेला कधी कोरम नाही, असला की ठराव फेटाळलेला. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल मंजूर होईना म्हणून मार्चअखेर आठ दिवस नळाला थेंब नव्हता. मी स्वतः वाडीच्या विहिरीवरून हंडे वाहिलेत. सरपंच म्हणायचे मला गावाने निवडलंय, सदस्य म्हणायचे आम्हालाही गावानेच निवडलंय. दोघेही खरं बोलत होते, हीच तर अडचण.

इस्रायलने हा प्रयोग देशपातळीवर केला. १९९६, १९९९ आणि २००१, तीनदा पंतप्रधान थेट निवडला. लोकांनी एक मत पंतप्रधानाला दिलं आणि दुसरं आपापल्या छोट्या पक्षाला. संसदेचे आणखी तुकडे झाले. शेवटी त्यांनी तो कायदाच रद्द केला.

आणि बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत याचं उत्तर देऊन ठेवलंय. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक मोल दिलंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारचा हिशेब रोज घेता येतो. थेट निवडलेल्याचा हिशेब पाच वर्षांनीच.

इसारकाठ

मी बरीच वर्षं म्युनिकमध्ये आहे. इथे जर्मनीत चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, संसदेतच निवडला जातो, त्यामुळे माणदेशींची सूचना मला परकी वाटत नाही. ६ मे २०२५ला ऑफिसमध्ये सगळे फोनवर निकाल बघत होतो. मेर्त्स यांना ३१६ मतं हवी होती, युतीकडे ३२८ खासदार होते, आणि पहिल्या फेरीत पडली ३१०. आधी असं कधीच झालं नव्हतं. दुपारी दुसरी फेरी झाली, ३२५ मतं मिळाली, संध्याकाळपर्यंत शपथ.

शिवाय इथे नुसता अविश्वास ठराव आणता येत नाही, त्याच ठरावात पुढचा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९८२ला श्मिट गेले आणि कोल आले ते तसेच. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, पण त्या २७० जणांना मिळून दुसरं सरकार देता आलं नाही. देशाला पुन्हा निवडणूक करावी लागली. वेंकटचलय्या आयोगाने हीही शिफारस केली होती.

भीमाकाठी

तुमच्याकडचं ते मतदान गुप्त असतं, हे सांगायचं राहिलं. आपल्याकडे गुप्त ठेवलं तर फाटाफूट, उघड ठेवलं तर पक्षादेश. पक्षादेशाने मत देणारा खासदार आणि पाठिंब्याच्या पत्रावर सही करणारा पक्ष यांत फरक काय उरला?

दुसरं, लोकसभेची बैठक राष्ट्रपती बोलावतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. नवा पंतप्रधान नेमलेलाच नसेल तर तो सल्ला हरलेलं मंत्रिमंडळ देणार. तारीख लांबवायची चावी तुम्ही हरलेल्यांच्या हातात देताय.

माणदेशी

बैठकीचा मुद्दा बिनतोड आहे, मी त्याचा विचार केला नव्हता. मुदत घटनेतच घालावी लागेल: निकालाची अधिसूचना निघाल्यापासून अमुक दिवसांत पहिली बैठक, कुणाच्याही सल्ल्याशिवाय.

पत्रातला आणि मतातला फरक मात्र मोठा आहे. पत्र बंद लिफाफ्यात जातं. मत कामकाजात नोंदलं जातं, माझ्या खासदाराच्या नावासकट. २०१९च्या त्या पहाटेच्या शपथविधीनंतर महाराष्ट्राला कळलं ना, सह्यांच्या यादीची किंमत किती ते! सर्वोच्च न्यायालयालाही शेवटी सभागृहात बहुमत सिद्ध करा असंच सांगावं लागलं.

भीमाकाठी

आणि कुणालाच बहुमत मिळालं नाही तर? इसारकाठ, जर्मनीत काय करतात?

इसारकाठ

चौदा दिवस आणखी प्रयत्न करता येतात. मग शेवटची फेरी. तिच्यात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याकडे बहुमत नसेल तर त्याला नेमायचं की संसद बरखास्त करायची, हे सात दिवसांत राष्ट्राध्यक्ष ठरवतात.

भीमाकाठी

म्हणजे फिरून राष्ट्रपतींकडेच.

माणदेशी

हो, राष्ट्रपतींकडेच. पण तोवर कोण कुणाच्या बाजूने उभा राहिला ते सगळ्या देशाने पाहिलेलं असेल. १९७९ला ते आपल्याला शेवटपर्यंत पाहायला मिळालं नाही.