मॉड चाहत्यांनी बनवला, तर हक्क कुणाचा?

शस्त्रागार:
स्कायरिम या गेमसाठी तिघांनी मिळून शस्त्रांचा मॉड (गेममध्ये घालायची भर) केलाय. मेश (थ्रीडी आकार) आणि टेक्श्चर (त्यावरचं रंगकाम) आम्हा दोघांची, स्क्रिप्ट तिसऱ्याची, दोन आवाज मूळ गेममधून काढलेले. कुणीतरी तो जसाच्या तसा दुसऱ्या साइटवर चढवून विकतोय. काढायला लावता येईल का? की गेमच दुसऱ्याचा म्हटल्यावर आमचा काहीच हक्क नाही?

निळी_फीत:
हक्क आहे, पण अख्ख्या मॉडवर सरसकट नाही. एकेक फाइल वेगळी बघा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून केलेलं मेश, स्वतः रंगवलेलं टेक्श्चर, स्वतः लिहिलेला कोड ज्याचा त्याचा. ते दोन आवाज बेथेस्डाचे, म्हणजे स्कायरिम बनवणाऱ्या कंपनीचे. गेममधलीच तलवार घेऊन नुसती मूठ बदलली असेल, तर तेवढी भरच तुमची, आणि तीही कंपनीची परवानगी असेल तरच.

कंपनीची पकड हलकी समजू नका. ड्यूक न्यूकेम ३डीसाठी चाहत्यांनी केलेल्या लेव्हल मायक्रो स्टार या दुसऱ्याच कंपनीने सीडीवर विकल्या. त्या फाइलींत गेमचं एकही चित्र नव्हतं, कुठे काय ठेवायचं एवढ्याच सूचना होत्या. तरी १९९८ साली अमेरिकी कोर्टाने त्या मूळ गेमवर बेतलेल्याच ठरवल्या.

कोरा_मेश:
करार प्रत्येक गेमचा निराळा. माइनक्राफ्टचा म्हणतो, शून्यापासून केलेला मॉड तुमचा, फक्त विकायचा नाही. उलट जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्डसोबत ब्लिझार्डने कस्टम गेमची (खेळाडूंनी त्यात बनवलेल्या गेमची) मालकी थेट स्वतःकडे घेतली. पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलेला लोकप्रिय डोटा गेम वॉरक्राफ्ट ३ च्याच चाहत्यांनी केलेल्या नकाशातून निघाला होता, हे लक्षात घेतलं की ते कलम का आलं ते कळतं. आणि नुसता गेमचा करार वाचून भागत नाही, क्रिएशन किटचा (स्कायरिमचे मॉड बनवायच्या अधिकृत साधनाचा) वेगळा असतो.

निळी_फीत:
आता फाइल काढायला लावणारी नोटीस. साइट अमेरिकेतली असेल तर डीएमसीए हा तिथला कॉपीराइट कायदा लागू. नोटिशीत फक्त स्वतःच्या फाइलींची नावं आणि त्या पानाचा नेमका पत्ता द्या. ‘संपूर्ण मॉड आमचा’ असं लिहिलंत की त्या दोन आवाजांवरून समोरचा तुम्हालाच खोटं पाडेल, आणि हक्कदाराच्या वतीने बोलतोय हे तर शपथेवर लिहायचं असतं. पुरावा म्हणून लेयर शाबूत असलेली फोटोशॉपची पीएसडी, ब्लेंडरची ब्लेंड फाइल आणि गिटचा इतिहास (कोड कधी कसा बदलला याची नोंद) जपा. मॉडमधल्या तयार डीडीएस (टेक्श्चर) आणि निफ (मेश) फाइली दाखवून उपयोग नाही, त्या डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाकडे असतात.

समोरच्याने प्रति-नोटीस (तुमची तक्रार चुकीची असल्याचं उत्तर) दिली आणि तुम्ही दावा लावला नाहीत, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत फाइल परत वर येते.

शस्त्रागार:
स्क्रिप्टवाला संपर्कातच नाही. मग?

कोरा_मेश:
स्क्रिप्ट यादीतून वगळा. त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या वतीने सही करता येत नाही. मेश-टेक्श्चरवरच्या तक्रारीनेही बहुतेकदा अख्खी झिप उतरते, कारण होस्ट (फाइल ठेवणारी साइट) आतल्या फाइली वेगळ्या करत बसत नाही. पण स्क्रिप्टवाल्याने कुणाचा जीपीएल कोड (अटींसह खुला ठेवलेला कोड) उचललाय का ते आधी तपासा, कारण मूळ लेखक अटी मोडल्या म्हणून तक्रार करू शकतो. २०१४ मध्ये जीपीएल कोड देणाऱ्या एकाच योगदानकर्त्याच्या डीएमसीए नोटिशीने क्राफ्टबकिट या माइनक्राफ्टच्या सर्व्हर सॉफ्टवेअरचे डाउनलोड बंद पडले होते.