मदत हवी आहे: प्रयोगाआधीच निष्कर्ष लिहून मोकळे होणारे विद्यार्थी

खडूफळा:
नववीची तुकडी, ४८ मुलं, ३५ मिनिटांचा तास. साध्या लंबकाची कृती फळ्यावर लिहिली की मुलं गाईडमधला निष्कर्ष आधी उतरवतात, मग त्याला जुळतील असे आकडे भरतात. हाच प्रयोग डोकं चालवायला लावेल असा कसा घ्यावा? सामान म्हणजे दोरा, वॉशर आणि भिंतीवरचं एक घड्याळ.

लंबक२५:
कृती देऊच नका, आव्हान द्या: "३० सेकंदांत ३० झोके घेणारा लंबक बनवा." लांबी किती ते अजिबात सांगायचं नाही. चौघांचे १२ गट, प्रत्येकाला दीड मीटर दोरा, पाच वॉशर, पट्टी. पहिली तीन मिनिटं दोऱ्याला हात न लावता प्रत्येकाने अंदाज पेनाने लिहायचा: वॉशर वाढवले तर काय होईल? दोरा निम्मा केला तर?

मीटरभर दोऱ्याला ३० झोक्यांसाठी साधारण ६० सेकंद लागतात. मुलं साहजिकच दोरा निम्मा करतात आणि ३० ऐवजी ४२-४३ सेकंद येतात. गट इथे अडतो, आणि शिक्षकाने गप्प बसायची जागा हीच. "वर्गमूळ" हा शब्द काढलात की विचार थांबला. "आता काय करून बघाल?" एवढंच विचारा. कोणी पाच-पाच सेंटिमीटर कमी करेल, कोणी आलेख काढेल. २५ सेंटिमीटरच्या आसपास पोचले की चौपट लांबीला दुप्पट वेळ हे मुलंच बोलून दाखवतात.

अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा गाईड उघडेल.

खडूफळा:
आकडे भलतेच आले तर?

सेकंदकाटा:
बहुतेक वेळा मोजणीत घोळ असतो. सोडताना "शून्य" म्हणायचं. "एक" म्हटलं की एक झोका कमी भरतो. जाऊन परत येणं म्हणजे एक झोका, हेही आधी ठरवा. नुसतं जाणं मोजणाऱ्या गटाला मीटरभर दोऱ्यावरच "उत्तर" मिळतं.

वॉशर एकाखाली एक बांधले तर लंबकाची लांबी वाढते आणि वजनाने वेळ बदलतो असं मुलांना वाटतं. सगळे एकाच गाठीत अडकवा, लांबी वॉशरच्या मध्यापर्यंत मोजा. दोरा बोटात धरू नका, हात हलतो. बाकाच्या कडेबाहेर काढून चिकटपट्टीने पक्क्या बसवलेल्या पेन्सिलीला बांधा. बाक बुटका असेल तर मीटरभराचा लंबक जमिनीला लागेल, तेव्हा तो बाक दुसऱ्या बाकावर ठेवून उंच करा. मीटरभर दोऱ्याला झोका १५-२० सेंटिमीटरच द्या. ६० अंशांवरून सोडला तर वेळ सुमारे ७ टक्के वाढतो.