चित्रपट पाहिल्याने अभिजात कादंबरी अधिक कळते का?

अनुक्त (चर्चाप्रस्ताव)

अभिजात कादंबरीवर चित्रपट निघाला की, तो मूळ कृतीशी किती प्रामाणिक आहे, एवढ्याच प्रश्नावर बहुतेक वाद होतात. माझे मत असे आहे की, चित्रपट कादंबरीपासून जिथे दूर जातो त्याच जागा वाचकाला सर्वाधिक काही देऊन जातात. कारण लेखकानेही तिथे एक निवड केली होती, हे त्या बदलामुळेच आपल्या ध्यानात येते.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ १९२९ साली पुस्तकरूपाने आली आणि सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ साली. बंगालमधल्या एका गरीब कुटुंबातल्या दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू यांच्या या कादंबरीत घरातली म्हातारी नातलग इंदिर ठाकरुण फार लवकर, अपू तान्हा असतानाच, मरते आणि तिच्याबरोबर गावातला एक जुना काळ संपतो. रायांनी तिला पुष्कळ काळ जिवंत ठेवले आणि तिचे प्रेत बांबूच्या बनात दुर्गा व अपू यांच्या दृष्टीस पडेल अशी रचना केली. चित्रपटानंतर मी कादंबरीचा पहिला भाग पुन्हा वाचला, तेव्हा त्या मृत्यूला लेखकाने दिलेला काळाचा संदर्भ प्रथमच ठळकपणे जाणवला. दुर्गा गेल्यानंतर अपूला तिने चोरलेली वस्तू सापडते, तिथेही असेच घडते. कादंबरीत ती सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात ती मण्यांची माळ आहे आणि ती तळ्यात पडल्यावर पाण्यावरचे शेवाळ पुन्हा मिटते. दोन्हीकडे भाऊ बहिणीचे गुपित राखतो. मात्र चित्रपटात पाणीच ते गुपित झाकून घेते, तर कादंबरीत ते राखण्याचा सगळा भार अपूच्या मनावर राहतो, आणि हा फरक मला केवळ कादंबरी वाचून कधीच दिसला नसता.

पानगळ

आपण निवडलेले उदाहरण असामान्य दिग्दर्शकाचे आहे, आणि आपण वर्णन केलेला लाभ तुलनेचा आहे, चित्रपटाचा नव्हे. एखादा चांगला समीक्षालेखही तेच काम करतो, शिवाय वाचकाच्या मनात परकी दृश्ये न रुजवता.

त्याहून गंभीर आक्षेप गाळलेल्या भागाबद्दल आहे. कुटुंब गाव सोडते तिथे हा चित्रपट संपतो. कादंबरी मात्र काशीपर्यंत जाते आणि शेवटी पथाचा देव अपूला सांगतो की, त्याची वाट गावातल्या बांबूच्या बनात संपलेली नाही, ती पुढे, देशांतरांच्याही पलीकडे गेली आहे. संपूर्ण कादंबरीचे शीर्षक या परिच्छेदावर उभे आहे. काशीतल्या घटना राय यांनी पुढे ‘अपराजितो’मध्ये घेतल्या, हे खरे, पण निवेदकाचा तो स्वर कॅमेऱ्याच्या हाती लागत नाही. ज्याने केवळ चित्रपट पाहिला, त्याला आपण काय गमावले याची कल्पनाही येत नाही.

दुसरे उदाहरण आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’चे. १९५८च्या या कादंबरीत पूर्वी वाटाड्या असलेला आणि लोकांनी साधू मानल्यामुळे पावसासाठी उपोषण करून खंगलेला राजू डोंगरात पाऊस पडत असल्याचे म्हणतो आणि कोसळतो. पाऊस आला की नाही, हे लेखक सांगत नाही. १९६५च्या हिंदी चित्रपटात पाऊस प्रत्यक्ष कोसळतो. ज्या अनिश्चिततेसाठी नारायण यांनी सारी कादंबरी रचली, तीच चित्रपटाने निकालात काढली. याला रसग्रहण कसे म्हणायचे?

निरंजना

पानगळ, पावसाचा मुद्दा आपण अगदी अचूक मांडलात, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. चित्रपटातला पाऊस पाहिल्यावर मी कादंबरीचे शेवटचे पान उघडले आणि पावसाचे वाक्य निवेदकाच्या नव्हे, राजूच्या तोंडी आहे, हे तेव्हा प्रथम नीट पाहिले. आयुष्यभर इतरांना हवे ते सांगत आलेल्या माणसाच्या अखेरच्या उद्गारावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न नारायण यांनी आपल्यावर सोपवला आहे. चित्रपटाने त्याचे उत्तर दिले नसते, तर प्रश्न इतका मोठा आहे हे मला कळले नसते.

पानगळ

निरंजनाताई, आपण पुस्तकाकडे परतलात म्हणून हे शक्य झाले. ज्याने चित्रपट आधी पाहिला त्याचा विचार करा. राजूच्या प्रेमात पडलेल्या नर्तकी रोझीचा नवरा मार्को चित्रपटात बाहेरख्याली आणि क्रूर आहे, त्यामुळे रोझीने त्याला सोडणे प्रेक्षकाला सहज पटते. कादंबरीतला मार्को आपल्या संशोधनात बुडालेला, बायकोच्या नृत्याविषयी पूर्णपणे उदासीन असलेला माणूस आहे. नारायण यांनी रोझीला अशी सोयीची सबब दिलेली नाही आणि म्हणूनच तिचे राजूकडे वळणे समजून घेणे अवघड आहे. चित्रपट मनात घेऊन वाचणारा मार्कोच्या अपराधाची वाट पाहत राहतो आणि त्या उदासीनतेतले सूक्ष्म क्रौर्य त्याच्या नजरेतून निसटते. राजूला देव आनंद यांचा चेहरा मिळाला की त्याच्या लबाडीलाही नायकपणाचे तेज चढते, हा तोटा वेगळाच.

अनुक्त

चेहऱ्याबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणून कादंबरी आधी वाचावी असेच मी सुचवीन. परंतु कॅमेऱ्याला निवेदकाचा स्वर मिळत नाही, या मर्यादेतूनच चित्रपटकाराला दुसरे काही शोधावे लागते. ‘पथेर पांचाली’त दुर्गाच्या मृत्यूची कल्पना नसलेले तिचे वडील हरिहर घरी परततात, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतात आणि तिची आई सर्वजया कोसळते, त्या क्षणी राय यांनी तिचा आवाज काढून टाकला व त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा स्वर ठेवला. कादंबरीतली सर्वजया आपले दुःख बोलून दाखवते. चित्रपटानंतर तिचे ते शब्द वाचताना, विलापालाही भाषा देण्याचे धाडस विभूतिभूषणांनी केले होते, हे मला उमगले. आधी तो परिच्छेद मी केवळ करुण म्हणून ओलांडला होता. समीक्षालेखाने मला याचे कारण समजावले असते. पण त्या आवाजाची उणीव ऐकवण्यासाठी ध्वनीचेच माध्यम हवे होते.

पानगळ

ध्वनीबद्दल मी वाद घालणार नाही. पथाच्या देवाचा परिच्छेद मात्र आपण अनुत्तरित ठेवला आहे. त्याच्या जागी चित्रपटात काय येते आणि ते वाचकाला त्या परिच्छेदाकडे कसे नेते, हे आपण दाखवलेत, तरच माझे मत बदलेल.