अंध माणसाला बंदुकीचा परवाना द्यावा का? आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर

ए-१०१ काका: आपल्या बी-३०२ ताईंना दिसत नाही, आणि मंगळवारी त्यांच्याकडे जे घडलं ते ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. गॅसची पाइप बघायला आलोय म्हणत एक अनोळखी माणूस थेट हॉलमध्ये शिरतो, तेही भर दुपारी, आपल्या गोव्यात, फोंड्यात! मी मोकळेपणानं विचारतो. अंध माणसाला स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना का मिळू नये? अमेरिकेत आयोवा राज्यात मिळतो. २०११ पासून तिथल्या शेरीफला, म्हणजे परवाना देणाऱ्या पोलीसप्रमुखाला, नुसत्या शारीरिक अपंगत्वाच्या कारणावरून तो नाकारता येत नाही.

बी-१०३: काका, आयोवाच्या शेजारीच नेब्रास्का आहे. तिथे असा परवाना हवा तर नजर चांगली असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे अमेरिकेतही एकमत नाही.

ए-१०१ काका: एकमत नसेना का! धडधाकट माणसापेक्षा ताईंना धोका जास्त. ज्याला धोका जास्त त्यालाच साधन नाही, हे मला पटत नाही.

ए-३०३ वकीलवहिनी: आपल्याकडचं सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अंधांना परवाना नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. पण कलम १४ प्रमाणे अर्जदार 'कोणत्याही कारणाने' अपात्र वाटला तर अधिकारी नकार देऊ शकतो. 'कोणत्याही' या शब्दात सगळंच मावतं. दुसरीकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही. केलाच तर त्यामागे रास्त हेतू आहे आणि नकार त्या हेतूच्या प्रमाणातच आहे, हे दाखवावं लागतं. तेव्हा 'अंध आहे, म्हणून नाही' एवढ्यावर भागू नये. कारण सांगा. आणि दृष्टिदोषाचं सर्टिफिकेट असलेल्या प्रत्येकाला पूर्ण अंधार असतो असंही नाही. कुणाला समोरच्याचा चेहरा दिसतो, फक्त कडेचं दिसत नाही. माणूस तपासा, सर्टिफिकेट नको.

बी-१०३: नेमबाजी तर अंध खेळाडूही करतात. एअर रायफलला यंत्र असतं, कानाला हेडफोन. नळी मध्याच्या जवळ गेली की आवाज चढत जातो, त्यावर नेम धरतात.

बी-२०४: ते टार्गेट एका जागी असतं रे. आमचं घर सत्तरी तालुक्यात. बाबांकडे पिकांच्या रक्षणाची बंदूक होती, परवाना रीतसर. एका रात्री काजूच्या बागेत पाला वाजला. रानडुक्कर समजून त्यांनी बार काढला. बॅटरी मारून बघतात तर शेजारच्यांचं वासरू. बाबांची नजर त्या वेळी एकदम चांगली होती. वासराची भरपाई दिली, पण त्यानंतर त्यांनी ती बंदूक कधी खांद्याला लावली नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि महिनोन् महिने परत आणायला जायचे नाहीत.

ए-१०१ काका: वाईट वाटलं वाचून. पण ताईंचं काय मत? आपणच बोलतोय.

बी-३०२: वाचतेय सगळं. ऑफिसमध्ये होते, फोन टॉकबॅकवर मेसेज वाचून दाखवतो, ते ऐकायला वेळ लागतो. व्हॉइस टायपिंग करतेय, चुका समजून घ्या.

काका, तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, ते मनाला भिडलं. मंगळवारी काय झालं ते नीट सांगते, कारण ग्रुपवर अर्धंच आलंय.

बेल वाजली, मी दार उघडलं. तो म्हणाला, गॅस. आत आला आणि पुढे एक शब्द नाही. ओल्या रेनकोटचा वास येत होता. मग शोकेसची काच सरकल्याचा आवाज आला. ती काच अडकते, जोर लावल्याशिवाय सरकत नाही, म्हणून मला कळलं. मी ओरडले, 'कोण आहे तिथे, बाहेर हो.' पावलं वाजली, जिन्याकडे गेली असं वाटलं. मी देवघरापाशी सरकले आणि पितळेची समई हातात घेतली. तेवढ्यात पॅसेजमध्ये पुन्हा पावलं. हळू, अनवाणी. मला वाटलं, दुसरा माणूस आत होता. मी समई उगारली.

ती आई होती. माझ्या ओरडण्यानं जागी झाली आणि घाबरून बोलायचंच विसरली. समई तिच्या खांद्यापासून वीतभर असताना तिनं माझं नाव घेतलं.

आवाजावरून माणूस कुठे आहे ते मला कळतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा लवकर कळतं. पण तो कोण आहे आणि त्याच्या मागे कोण उभं आहे, ते तो बोलल्याशिवाय कळत नाही. समई थांबवता आली. म्हणून मला बंदूक नको. हा माझा निर्णय आहे, आणि त्याला कारण आहे.

पण मघाशी कुणीतरी 'आंधळ्याच्या हाती बंदूक' असं लिहून पुसलं. टॉकबॅकनं ते आधीच वाचून दाखवलं होतं. तसं बोलू नका. बी-२०४ भाऊंच्या बाबांना अंधारात जे ओळखता आलं नाही, ते मला दुपारी ओळखता आलं नाही. समोर कोण आहे हे खात्रीनं सांगता येईल का, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा. मला पण विचारा. पण विचारायच्या आधी नाही म्हणू नका.

ए-१०१ काका: ताई, त्या प्रसंगापुरतं पटलं. पण तो परत आला तर? आई झोपलेल्या, तुम्ही एकट्या. पोलीस यायला वेळ लागतो. माझ्या मनातली भीती सगळी जात नाही.

ए-३०३ वकीलवहिनी: स्वसंरक्षणाचा हक्क ताईंना आपल्याइतकाच आहे, काका. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ पाहा. बळ मात्र गरजेपुरतंच वापरायचं. समई उचलणं त्यात नक्की बसतं.

बी-३०२: काका, मला काय हवंय ते सांगते. पाववाला पदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो, मासळीवाली खालून हाक मारते, त्यांची मला कधी भीती वाटली नाही. भीती न बोलणाऱ्याची. आपल्याच बिल्डिंगमध्ये लोक लिफ्टमध्ये शिरतात आणि गप्प उभे राहतात. नाव सांगा. आणि वॉचमननं वर सोडायच्या आधी मला फोन करावा. त्या दिवशी केला नाही.

सचिव: ताई, चूक आमची. वॉचमनशी सकाळीच बोललो. बाहेरचं कुणीही आलं तर आधी इंटरकॉम, घरातून हो आल्याशिवाय लिफ्ट नाही. शिवाय तुमच्या दाराला जाड साखळी आणि बोलायचा डोअरफोन उद्या बसवून घेऊ. खर्च सोसायटीचा. कुणाची हरकत?

बी-२०४: नाही.

बी-१०३: नाही. डोअरफोनचं काम मी करतो ताई, दुपारी ३ ला येऊ?

ए-१०१ काका: हरकत कसली. सुतार माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यासोबत मी स्वतः येईन. दाराबाहेरूनच नाव सांगेन.

बी-३०२: या. ३ चालेल, उद्या अर्धी रजा टाकते. साखळी खाली लावा, कमरेच्या उंचीवर. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.