गाओकाओचं (चीनमधली कॉलेज प्रवेश परीक्षा) इंग्लिश रीडिंग कसं शिकवायचं?

चेंगडूकर: मी इथे चेंगडूत ११वी-१२वीच्या चिनी मुलांना इंग्लिश शिकवतो. शब्द पाठ आहेत, ग्रामर माझ्यापेक्षा बरं आहे, पण शेवटचे दोन उतारे आले की गळपटतात. १५० पैकी ५० मार्क रीडिंगचे, म्हणजे २० प्रश्न अडीच अडीच मार्कांचे. काय करू?

मास्तरीणबाई: त्यांना लांब वाक्य फोडायला शिकवा आधी. चिनीत विशेषण, अख्खं वाक्य असलं तरी, नामाच्या आधी येतं, आपलं "काल दुकानात भेटलेला माणूस" तसंच. इंग्लिशमध्ये माणूस आधी आणि शेपूट मागून, त्यामुळे पोरं क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता विसरतात. रोज तीनच वाक्यं घ्या, कर्ता आणि मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायला लावा, बाकी कंसात. बोअर आहे पण चालतं.

चेंगडूकर: अरे हे मराठीतून कधी सुचलंच नव्हतं 😄 आणि ते सातातून पाच वाक्यं निवडून गाळलेल्या जागा भरायच्या, त्याचं?

निवांत: तिथे पर्याय आधी वाचू नका. रिकाम्या जागेच्या आधीचं नि नंतरचं वाक्य बघा, "हे", "ते", "पण", "म्हणून" कुठे लटकतंय ते शोधा. दोन पर्याय फालतू असणारच, आणि एक चुकलं की बहुतेक वेळा दुसरंही चुकतं, म्हणून खात्रीचं आधी भरा. आणि प्लीज, प्रत्येक नवीन शब्दाला डिक्शनरी उघडू देऊ नका!